मुलाखत क्रमांक १७

आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्याच्या तारखांच्या फायली कपाटातून काढायच्या, रोजनामा बघून मागच्या तारखेला काय झालं ते पेन्सिलने वर लिहायचं, हे ज्युनिअरचं काम. त्या शुक्रवारी कामगार न्यायालयातल्या एका यूएलपी (म्हणजे अनुचित श्रम प्रथेच्या) तक्रारीची फाइल हातात आली. तक्रारदाराचं सरतपासणीचं, म्हणजे त्याच्या शपथेवरच्या लेखी साक्षीचं, प्रतिज्ञापत्र नुकतंच दाखल झालं होतं, त्याची प्रत वरच लावलेली. तिच्यावर सरांची पिवळी चिठ्ठी : 'उलटतपासणीचे प्रश्न काढ.'

परिच्छेद ९ पर्यंत आले आणि थांबले. 'मला कामावरून काढल्यापासून आजतागायत मी बेकार असून, प्रयत्न करूनही मला कोठेही काम मिळालेले नाही व मला उत्पन्नाचे कोणतेही साधन नाही.'

पान उलटून नाव बघितलं. वय बघितलं, गाव बघितलं. या माणसाच्या घरी मी चहा प्यायले होते. आणि चुलतभावाची शाळेची व्हॅन आपण सकाळ-दुपार चालवतो, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

प्रकरण माझंच आहे. कारखाना, तालुका, माणसाचं काम आणि काही तारखा बदलून लिहिते आहे.

दोन टोप्या

मी पुण्यात कामगार कायद्याची प्रॅक्टिस करणाऱ्या एका सिनिअरांकडे ज्युनिअर आहे, आणि २०२३ पासून अर्धवेळ पीएच.डी. करते आहे. विषय : बडतर्फ कामगारांचं मागील वेतन (काढल्यापासून निकालापर्यंतचा बुडालेला पगार), कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं. सर मॅनेजमेंटची बाजू लढवतात. न्यायालयाच्या आवारात युनियनची मंडळी आम्हाला 'मालकाचे वकील' म्हणतात, त्यात राग कमी आणि सवय जास्त असते.

आपल्याकडे 'शिकाऊ वकील' असा अधिकृत टप्पाच नाही. वकिलीच्या सनदेआधी वर्षभर प्रशिक्षण घ्यावं असा बार कौन्सिलने १९९५ मध्ये केलेला नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केला. आता सनद हातात आली आणि बार कौन्सिलची परीक्षा पास झालात की तुम्ही पूर्ण वकील. शिकणं सगळं सिनिअरच्या ऑफिसात, फायली उचलत. ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली. शिफारस आहे, सक्ती नाही. पुढचं वाचकांनी ओळखावं.

पीएच.डी.च्या प्रवेशातच पहिली गंमत झाली. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते. अट अशी की, नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र आणा आणि संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असं त्यात लिहून आणा. आता वकिलाचा नियोक्ता कोण? बार कौन्सिलच्या नियम ४९ नुसार वकिली करणारा पूर्णवेळ पगारी नोकर असूच शकत नाही. खिडकीवरच्या बाईंना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे हो मॅडम, पण रकाना रिकामा चालत नाही." शेवटी सरांनी लेटरहेडवर लिहून दिलं. लिहिताना हसले : "म्हणजे मी तुझा मालक नाही, आणि माझी हरकत नाही."

वेळेचं रडगाणं गात नाही. तारखा अकरा ते पाच, ड्राफ्टिंग आठपर्यंत, कोर्सवर्क शनिवारी, क्षेत्रकाम रविवारी. जमतं. खरा घोळ वेळेचा नव्हताच.

चहा

क्षेत्रकाम म्हणजे पुण्याभोवतीच्या एमआयडीसी पट्ट्यात, चाकण, भोसरी, रांजणगाव, तळेगाव इकडे राहणाऱ्या बडतर्फ कामगारांना भेटायचं. केस चालू असताना तीन-चार वर्षं घर कसं चालतं, एवढाच प्रश्न. निकालपत्रात 'मागील वेतनापैकी ५० टक्के' असं एक वाक्य येतं. ते वाक्य येईपर्यंतच्या काळात त्या घरात काय झालं, याची नोंद कुठेच नसते. मला ती हवी होती.

२०२४ च्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या कामगारामार्फत १७ व्या मुलाखतीला गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेर पत्र्याची शेड, शेडमध्ये पिवळी व्हॅन. त्यांचं वय चाळिशीच्या पुढे. आधी मला 'मॅडम' म्हणत होते, चहा झाल्यावर 'ताई' म्हणायला लागले. संमतिपत्र वाचून दाखवलं. नाव येणार नाही, कंपनीचं नाव येणार नाही, सांगितलेलं अभ्यासापलीकडे कुठेही जाणार नाही, आणि मनात आलं तर केव्हाही मुलाखत मागे घेता येईल. रेकॉर्डिंग नको म्हणाले, म्हणून वहीत लिहून घेतलं.

मधेच त्यांनी विचारलं, "तुम्ही वकील ना? मग कोणाच्या बाजूच्या?"

मी म्हणाले, "आत्ता अभ्यासासाठी आलेय, दादा."

हे उत्तर खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं. संमतिपत्रातही मी 'व्यवसाय : वकील' एवढंच लिहिलं होतं. मॅनेजमेंटच्या ऑफिसात काम करते म्हटलं असतं तर निम्मी दारं बंद झाली असती, हे मला पक्कं माहीत होतं. आज मागे वळून या प्रकरणाची सुरुवात कुठे झाली असं कोणी विचारलं तर मी त्या शुक्रवारच्या फायलीकडे बोट दाखवणार नाही. त्या चहाच्या कपाकडे दाखवीन.

मग ते मोकळेपणाने बोलले. पहिले आठ महिने बायकोच्या शिवणकामावर काढले. मग चुलतभावाने व्हॅन चालवायला दिली. डिझेल भावाचं, यांना महिन्याला जे मिळतं ते कारखान्यातल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि मे महिन्यात शाळा बंद म्हणून तेही नाही. "कोर्टात काही बोललो नाही अजून. वकीलसाहेब म्हणाले, ते बघतील."

परिच्छेद ९ चं मूळ

इथे कायदा थोडा सविस्तर सांगायला हवा, नाहीतर त्या एका वाक्याचं वजन कळणार नाही.

महाराष्ट्रात बेकायदा बडतर्फीविरुद्ध कामगाराला जवळचा रस्ता म्हणजे १९७१ चा आपला राज्याचा कायदा : कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित श्रम प्रथांना प्रतिबंध. लांबलचक नाव, म्हणून सगळे त्याला 'पल्प' म्हणतात आणि त्याखालच्या तक्रारीला 'यूएलपी'. बडतर्फी अनुचित असेल तर चौथ्या अनुसूचीतली बाब १, कलम २८ खाली ९० दिवसांत तक्रार, कामगार न्यायालयापुढे. बडतर्फी टिकली नाही तर कामावर परत घेणं, सेवेत सातत्य, आणि मग लाखमोलाचा प्रश्न : मधल्या वर्षांच्या पगाराचं काय?

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा दीपाली गुंडू सुरवसे निकाल आमच्या ऑफिसात रोज उच्चारला जातो. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेची ही केस. निकालाचा सारांश असा की, चुकीने काढलेल्याला मागील वेतनासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम. त्यासाठी कामगाराने सुरुवातीच्या न्यायालयापुढे सांगायचं की, मी कुठे कामाला नव्हतो, किंवा कमी पगारावर होतो. ते त्याने सांगितलं की भार मालकावर. पूर्ण वेतन टाळायचं असेल तर हा माणूस दुसरीकडे तेवढंच कमावत होता, हे मालकाने पुराव्यानिशी दाखवायचं.

'किंवा कमी पगारावर होतो.' हे मोजके शब्द निकालात आहेत, पण प्रतिज्ञापत्रांत जवळजवळ कधीच नसतात. मी संशोधनासाठी जेवढी प्रतिज्ञापत्रं वाचली त्यांत परिच्छेद ९ चं ते वाक्य शब्दशः तेच. कोणाच्या तरी संगणकात कधीतरी टाइप झालेलं, तिथून पुढे एकातून दुसऱ्यात चिकटवलेलं. माणूस व्हॅन चालवत असो, मंडईत हमाली करत असो की खरोखर घरी बसलेला असो, वाक्य एकच. खरं सांगून कायदा ज्याला सांभाळून घेतो, त्याच्या तोंडी आपण वकील मंडळीच खोटं घालतो, आणि मग उलटतपासणीत समोरचा वकील त्या खोट्यावर त्याला सोलतो. मॅनेजमेंटच्या बाजूने सोलायचं काम मीही केलेलं आहे.

तेव्हा व्हॅनची गोष्ट कायद्याने या माणसाला फारशी मारक नव्हती. मारक होतं ते प्रतिज्ञापत्रातलं 'कोणतेही साधन नाही'. ते एकदा खोटं ठरलं की बाकीच्या साक्षीवरही न्यायाधीशांचा विश्वास उडतो.

शनिवार, रविवार

दोन दिवस होते. सोमवारी सरांना प्रश्न द्यायचे होते.

पहिला विचार अर्थातच सांगून टाकण्याचा. पक्षकाराचं हित निर्भयपणे जपायचं, हा बार कौन्सिलचा नियम १५. माझ्याकडे पक्षकाराच्या कामाची माहिती होती, आणि ती मी चोरलेली नव्हती. पण ती मला वकील म्हणून मिळालीच नव्हती. जिच्यापुढे ते बोलले ती बाई वेगळं वचन देऊन बसली होती.

दुसरा विचार जास्त मोहाचा : गप्प बसायचं आणि प्रश्न काढायचे. उदरनिर्वाहाचा प्रश्न तर प्रत्येक उलटतपासणीत असतोच. मी तो लिहिला तर कोणाला काय कळणार? मला कळणार होतं. तो प्रश्न मी दोन ओळींत संपवला असता की मुद्दाम लांबवला असता? सौम्य केला तर पक्षकाराशी दगा, धारदार केला तर त्या चहाशी. साधा, नेहमीचा प्रश्न लिहिणं माझ्यासाठी आता शक्यच नव्हतं.

तिसरा : त्यांनाच फोन करायचा. 'दादा, परिच्छेद ९ दुरुस्त करून घ्या.' माणुसकी म्हणून हेच करावंसं वाटत होतं, आणि हेच सगळ्यात चुकीचं होतं. समोरच्या पक्षाला वकील असेल तर वादाच्या विषयावर त्या वकिलामार्फतच बोलायचं, हा नियम ३४. शिवाय वकीलपत्रावर माझं नाव होतं. आमच्या ऑफिसचं वकीलपत्र छापील, त्यावर सरांसह पाच जणांची नावं. गठ्ठा येतो आणि आम्ही ओळीने सह्या करतो. पक्षकाराचं आणि विरुद्ध पक्षाचं नाव नंतर हाताने भरलं जातं. ही सही मी केव्हा केली, मला आठवतसुद्धा नव्हतं.

शनिवारी रात्री माझ्या गाइडना फोन केला. त्या कायदा शिकवतात, पण न्यायालयात कधी उभ्या राहिलेल्या नाहीत, आणि त्याचा इथे उपयोग झाला. त्या म्हणाल्या, "तू वकिलाची वही आणि संशोधकाची वही वेगळी ठेवलीस. डोकं कुठे वेगळं ठेवणार?" मग त्यांनीच विचारलं, "तुझ्या पक्षकाराने सांगितलेलं उघड करू नये म्हणून कायद्यात कलम आहे ना? या कामगाराने तुला सांगितलं त्याला काय आहे?"

काही नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याचं १२६, पक्षकार आणि वकील यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण देतं, काम संपल्यानंतरही देतं. संशोधकासाठी तसं कलम नाही. उद्या न्यायालयाने समन्स काढून विचारलं असतं तर माझं संमतिपत्र कागदाचा तुकडा ठरलं असतं. कंपनीच्या एचआरने एसीत बसून सांगितलेलं कुलूपबंद, आणि पत्र्याच्या शेडशेजारी बसून सांगितलेलं उघड्यावर. मी दोन वर्षं गोपनीयतेची हमी वाटत फिरत होते आणि तिच्यामागे माझ्या शब्दापलीकडे काही नव्हतं, हे मला कामगार कायद्याच्या संशोधकाला, वर सनद असलेल्या वकिलाला, त्या रात्री पहिल्यांदा नीट कळलं.

वाट नियम १४ मध्ये सापडली. विरुद्ध पक्षाशी किंवा वादाच्या विषयाशी आपला जो संबंध पक्षकाराच्या निर्णयावर परिणाम करू शकेल, तो वकिलाने पक्षकाराला स्पष्टपणे सांगायचा. संबंध सांगायचा, संबंधातून कळलेलं सगळं ओतायचं, असं त्यात नाही. निदान मी तो नियम तसा वाचला. कोणी वेगळा वाचेल, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नसेल.

सोमवार

सरांना सांगितलं : या तक्रारदाराला मी संशोधनासाठी भेटले आहे, मुलाखत घेतली आहे, गोपनीयतेचं वचन दिलं आहे. या फायलीवर मला काम करता येणार नाही.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय सांगितलं त्याने, ते मी विचारत नाही." थांबून, "विचारायला पाहिजे खरं तर. पक्षकार विचारणार."

पक्षकाराला पत्र गेलं. ऑफिसातल्या एका ज्युनिअर वकिलाने शैक्षणिक कामासाठी तक्रारदाराची भेट घेतलेली असून त्या या प्रकरणातून बाजूला झाल्या आहेत, आपली हरकत असल्यास कळवावे. एचआर मॅनेजरांचा फोन तासाभरात आला. मी समोरच बसले होते.

"साहेब, हरकत कसली? उलट बरंच झालं की. मॅडमना काय माहितीये ते घ्या ना विचारून."

सरांनी सांगितलं की ते होणार नाही, आणि का होणार नाही. आवाज चढवला नाही. तिकडून बराच वेळ काही ऐकत राहिले. ती केस आमच्याकडेच राहिली. त्या कंपनीच्या पुढच्या दोन फायली दुसऱ्या ऑफिसात गेल्या. सर मला त्यावरून एक शब्द बोलले नाहीत. फक्त महिनाभर मला एकही नवीन फाइल दिली नाही. रजा होती की शिक्षा, मी विचारलं नाही.

माझ्या नावापुरती न्यायालयात पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. उलटतपासणीचे प्रश्न दुसऱ्या ज्युनिअरने, माझ्याशी अक्षरही न बोलता काढले. फाइल वेगळ्या कपाटात गेली आणि त्याची किल्ली सरांकडे. आमच्याकडे अशी व्यवस्था आधी कधी नव्हती. आता वकीलपत्राच्या गठ्ठ्यावरही नावं भरल्याशिवाय कोणी सही करत नाही.

बोर्डावर अनुक्रमांक १२

उलटतपासणीच्या दिवशी मी त्याच न्यायालयात होते. माझं दुसरं काम बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामांच्या यादीत, खाली होतं, म्हणून मागच्या बाकावर बसून राहिले. उठून जायला हवं होतं का? आज वाटतं, हो.

आमच्या ज्युनिअरने चौकशीचे, नोटिशीचे प्रश्न संपवले आणि तो नेहमीचा प्रश्न विचारला, कुठलाही भाव न आणता.

"काढून टाकल्यापासून तुमचा उदरनिर्वाह कशावर चालतो?"

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून त्यांनी आधी आपल्या वकिलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "चुलतभावाची व्हॅन आहे. चालवतो जमेल तशी."

"म्हणजे प्रतिज्ञापत्रातला परिच्छेद ९ खोटा आहे?"

"मला वाचून नाही दाखवलं ते, साहेब."

न्यायाधीशांनी टंकलेखकाला उत्तर सांगितलं. उत्तरात व्हॅन आली, 'जमेल तशी' आलं नाही. टाइप होत असताना पिंजऱ्यातल्या दादांची नजर न्यायालयात फिरली आणि मागच्या बाकावर येऊन थांबली. काळा कोट, बँड, तोच चेहरा. त्यांनी मला ओळखलं. आणि मॅनेजमेंटच्या वकिलाला व्हॅनचा प्रश्न सुचला कसा, याचं उत्तर त्यांना त्या क्षणी मिळालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते उत्तर चूक होतं. प्रश्न प्रत्येक साक्षीदाराला विचारतात, हे त्यांना कोण सांगणार? तक्रार प्रलंबित होती, त्यांना वकील होता. मी बाहेर व्हरांड्यात त्यांच्यापासून सहा फुटांवरून, मान खाली घालून निघून गेले.

पुढे काही महिन्यांनी दोन्ही बाजूंनी तडजोड केली. एकरकमी पैसे, नोकरीवरचा हक्क सोडला, तक्रार निकाली. अशा बहुतेक तक्रारींचा शेवट असाच होतो, त्यात नवीन काही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला, आणि माझ्या प्रबंधातली दोन प्रकरणं एका रात्रीत इतिहास झाली. राज्याच्या पल्पचं या नव्या चौकटीत नेमकं स्थान काय, यावर आमच्या ऑफिसात रोज वाद होतात. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

प्रबंधात मी दोन गोष्टी बदलल्या. संमतिपत्राच्या पहिल्या ओळीत आता मी कोणत्या बाजूच्या ऑफिसात काम करते हे येतं, आणि न्यायालयाने मागितलं तर मला सांगावं लागेल हेही येतं. त्यानंतर मुलाखती निम्म्यावर आल्या. उरल्या त्यांत लोक उत्पन्नाबद्दल कमी बोलतात, वकिलांबद्दल जास्त. दुसरं, परिच्छेद ९ वर एक स्वतंत्र उपप्रकरण लिहिलं, फक्त उच्च न्यायालयाच्या प्रकाशित निकालांत उद्धृत झालेल्या प्रतिज्ञापत्रांवरून. आमच्या ऑफिसच्या कपाटातला एकही कागद त्यात नाही. पक्षकाराचं गुपित आणि विश्वास जपायला सांगणारे नियम १७ आणि २४ आधी नुसते पाठ होते, आता त्यांचा अर्थ माहीत आहे.

तडजोडीनंतर तक्रार संपली होती, म्हणजे फोन करायला मला आता कुठला नियम आडवा नव्हता. मी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. त्यांचाच मेसेज आला. 'ताई तो फॉर्म परत पाठवा. माझं नाव काढा.'

नाव कधी नव्हतंच. पण मागे घेण्याचा हक्क मीच वाचून दाखवला होता. संमतिपत्राची मूळ प्रत आणि वहीतली ती सात पानं पाकिटात घालून स्पीड पोस्टाने पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायला घेतली, 'दादा, तो प्रश्न माझा नव्हता', आणि ती पाकिटात घातली नाही. पाकीट पोचल्याची पावती आली, त्यावर त्यांची सही आहे.

प्रबंधाच्या परिशिष्टात मुलाखतींची यादी आहे. तिच्यात १६ नंतर थेट १८ येतो. गाइडनी तिथे पेन्सिलने गोल करून बाजूला लिहिलं आहे : क्रम सरळ करून घेणे. अजून केलेला नाही.